वापस आलेली गोळी

कडूबानं पळसाच्या पानाची पुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या दादा, तुमची गोळी वापस."

उकंडरावनं पुडी उघडली. आत खरंच गोळी होती. त्याचीच. सालईच्या डिंकाची, हरभऱ्याएवढी, पिवळट, कडक. सांधेदुखीवर उंद्रीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत तो हीच गोळी देत असे. त्यानं ती नाकाजवळ नेली. वास आहे का गेला, हे बघायची त्याची सवय होती.

"खाल्ली काऊन नाई बे?"

"खाल्ली न दादा. परवा खाल्ली. आज सकाळी भेटली."

ओट्यावर बसलेल्या मंडळींना उमजायला जरा वेळ लागला. उकंडरावला तर सगळ्यांत जास्त लागला. गोळी अजून त्याच्या नाकाशीच होती.

"धुतली हाये म्या," कडूबानं हात जोडून सांगितलं. "कोनाची चीज आपन घान करून वापस देत नाई."

ओटा हसून हसून लोटपोट झाला. दाराच्या चौकटीला धरून उकंडरावची बायको सत्यभामाबाई उभी होती. ती मात्र हसली नाही. ती नेहमी उभीच असायची. गुडघे इतके सुजले होते की बसली तर उठवायला दोन बाया लागत, आणि उठल्यावर त्या बाया आठ दिवस पाठ धरून बसत. तीही नवऱ्याच्या गोळ्या संक्रांतीपासून गिळत होती. तिच्या मनात आलं, कडूबा वाकून बघू तरी शकतो. माझ्या गोळ्या कुठं गेल्या कोण जाणे.

उकंडराव तसा शेतकरी माणूस. औषध त्याच्या आजाचं. आजा डोंगरातून सालईचा डिंक आणायचा, कुटायचा आणि मागेल त्याला द्यायचा. तो पथ्य सांगत नसे, म्हणून लोक त्याला वैद्य म्हणत नसत; "सालईवाला म्हातारा" म्हणत. उकंडरावनं हे लहानपणीच ओळखलं होतं. आपल्या लोकांना औषधानं बरं वाटत नाही, बंदीनं वाटतं. जो जास्त बंद करतो तो मोठा वैद्य. म्हणून त्यानं स्वतःच्या डोक्यानं पथ्य काढलं: तेल बंद, तूप बंद, शेंगदाणा बंद, दूध बंद. कोरडी भाकर खायची, गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत गिळायची. असं सांगितल्यावर लोक त्याला 'दादा' म्हणू लागले. महाराष्ट्र नवा झाला होता, पंचायत समिती आली होती, गावात जीप येऊ लागली होती. पण गुडघे जुनेच होते, त्यामुळं उकंडरावच्या ओट्यावर गर्दी असे.

"तू पथ्य मोडलं असशीन," उकंडराव आता कडूबावर गरजला. "हिंमतराव पाय. तोच आजार, तीच गोळी. घोड्यावानी पळून राह्यला. अंबूबाई पाय. काऊन बरे झाले? पथ्य पाळलं त्यायनं!"

हिंमतराव ओट्यावरच बसला होता. त्याची तेलाची घाणी होती आणि पोट त्या घाणीला शोभेल असं होतं. त्यानं डोळे मिटून मान हलवली. "दादा, तुपाचा वास आला तरी मी तोंड फिरवतो."

"आन् म्या काय तूप पेलं?" कडूबा रडकुंडीला आला. "माही तानाबाई मले शेंगदान्याच्या टरफलाले हात लावू देत नाई! भवानीची आन!"

कोणी मानलं नाही. बरा झालेला माणूस सोवळा आणि न झालेला चोर, असा गावाचा सरळ हिशेब. जगात बाकी ठिकाणीही हाच हिशेब चालतो, उंद्रीचं वेगळं काही नाही.

कडूबाला तरी चोर म्हणवून घेऊन घरी जाता आलं. सत्यभामाबाईला जायला दुसरं घर नव्हतं. वैद्याची बायको म्हणून तिनं सगळ्यांहून कडक पथ्य पाळलं होतं. कोरडी भाकर खाऊन खाऊन तिचा घसा चुलीच्या धुराड्यासारखा झाला होता. आणि लेकीचं, कोकिळेचं, लग्न वैशाखात धरलं होतं. पोरगा खामगावचा, जिनिंगमध्ये कामाला. सगळं ठरलं होतं. एकच गोष्ट अडकली होती. कन्यादानाला पाटावर बसायचं कोणी?

"मी बसन न बाई," तिची धाकटी जाऊ शालूबाई म्हणायची, आणि इतक्या मायेनं म्हणायची की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "तुमाले तं बसता येत नाई. मंगलाष्टकाच्या टायमाले तुमी कलंडल्या म्हंजे पाव्हन्यायसमोर कसं दिसन? मी न् हे बसतो. तुमी खांबाले टेकून पायत राहा."

शालूबाईनं त्यासाठी हिरवं लुगडं आधीच घेऊन ठेवलं होतं. घडी मोडून, नेसून, वाड्यातल्या बायांना दाखवूनही झालं होतं.

पोटची पोर, नऊ महिने पोटात आणि अठरा वर्षं कडेखांद्यावर. आणि तिच्या हातावर पाणी सोडायला जाऊ? सत्यभामाबाईला जेवण जाईना. तसंही कोरडीच भाकर होती.

चैत्री पुनवेला मारुतीच्या देवळात रोडग्यांचा महाप्रसाद होता. गव्हाचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, हातानं फोडायचे आणि त्यावर तूप ओतायचं. रोडगा कोरडा खाणं म्हणजे वीट खाणं. बाकी बाया खाली बसून वांग्याच्या भाजीचं बघत होत्या. सत्यभामाबाईला बसता येत नाही म्हणून तिला देवळामागं, दगडी चौथऱ्यावर ठेवलेल्या तुपाच्या डब्याजवळ उभं केलं आणि हातात पळी दिली. पथ्यावर असलेल्या बाईला तुपाजवळ उभं करणं म्हणजे उपाशी मांजरीला दुधाची राखण. पण पोरीच्या लग्नाआधी ती देवाला नाराज करणार नव्हती. तिनं पदर नाकाला लावला.

बऱ्या झालेल्या पथ्यवाल्या मंडळींनी पंगतीत बसायला नकार दिला होता. "आमी फक्त दर्शन घेतो," असं हिंमतरावनं सगळ्यांसमोर, हात छातीवर ठेवून सांगितलं होतं.

पंगत बसली. तोच हिंमतराव देवळाच्या मागून वाटी घेऊन आला.

"वहिनी, जरासं तूप द्या. बैलाच्या खांद्याले लावतो. जू घासलं हो."

तिनं दिलं. बैल मुकं जनावर.

मग अंबूबाई आली, तांब्या घेऊन. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. "देवाच्या दिव्यासाठी दे वं माय."

तिनं तेही दिलं. मग एक जण पोराच्या भाजलेल्या हाताला मागायला आला, एक जण गाडीच्या आसाला. गाडीच्या आसाला साजूक तूप लावणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता, पण वार्षिक महाप्रसाद होता, तिनं दिलं.

डबा निम्म्यावर आला आणि देवळामागच्या कडब्याच्या गंजीमागून तिला आवाज ऐकू आला. मचमच, मचमच. गंजीत डुक्कर शिरलं असेल म्हणून ती पळी घेऊन, एका हातानं भिंत धरत, एकेक पाय ओढत गेली.

डुक्कर नव्हतं. बरी झालेली सगळी मंडळी होती. हिंमतराव, अंबूबाई, आसवाला, पोराचा हात भाजलेला. प्रत्येकासमोर पत्रावळ, पत्रावळीत रोडगा आणि रोडगा तुपात पोहत होता. गंमत अशी की सगळे एकमेकांकडे पाठ करून बसले होते, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर कोणी कोणाला पाहिलेलं नाही.

पण सत्यभामाबाई तूप बघतच नव्हती. ती बघत होती मांड्या. सगळ्यांनी पक्की मांडी घातली होती. अंबूबाई तर उकिडवी बसली होती, पोरीसारखी, टाचांवर.

"वहिनी!" हिंमतराव एका झटक्यात उभा राहिला, जमिनीला हात न लावता. तेवढंच पाहून सत्यभामाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, दादाले सांगू नका. आमी तं... रोजचं नाई. कधी कधी."

"कधीपासून?"

"गोळी सुरू झाली तवापासून," अंबूबाई पुटपुटली. "तेल-तूप बंद म्हटलं की माय, दुसरं काही सुचतच नाई. पह्यले मी तूप खातही नव्हतो. बंद झाल्यापासून वाटीवाटीनं खाऊन राह्यलो."

"आन् गोळी?"

"गोळी रोज घेतो न. तुपाचं पाप गोळीनं धुऊन निघन म्हनून वरतून लगेच घेतो."

सत्यभामाबाई पाठ फिरवून पंगतीकडं गेली. तिथं कडूबा सगळ्यांत शेवटी बसला होता, कोरडा रोडगा पाण्यात बुडवून चावत. बाजूला तानाबाई पहारा देत उभी. कडूबाचा एक पाय लाकडासारखा पुढं पसरलेला. या गावात पथ्य पाळणारी दोनच माणसं होती आणि दोघंही लंगडी होती.

घरी येताच तिनं उकंडरावला सगळं सांगितलं. तो आधी लालबुंद झाला, मग एकदम उजळला.

"पाह्यलं काय! पथ्य मोडूनबी बरे झाले! असा जोर हाये माह्या औषधात! पाळलं असतं तं उडाले असते!"

"कडूबानं पाळलं. तो काऊन नाई उडाला?"

"त्याचं नशीब."

"आन् माहं?"

ती आत गेली आणि डिंक कुटायचा खल आणून त्याच्यासमोर आदळला. खलाच्या बुडाशी सालईचा थर चिकटला होता.

"धुवा."

"मी? खल तूच धुते न रोज."

"आज तुमी धुवा. पान्यानं. तेल-तुपाले हात लावायचा नाई. पथ्य हाये."

उकंडराव धुवायला बसला. पाणी ओतलं. डिंक जागचा हलला नाही. राखेनं घासलं, वीटकरीनं घासलं, बोटं चिकटली. खल तर साफ झालाच नाही, आता उकंडरावचा हातही खलाला चिकटला. तो हात झटकू लागला. पंचायत समितीच्या जीपखाली आलेल्या कोंबडीसारखी त्याची फडफड चालली.

सत्यभामाबाईनं बराच वेळ मजा पाहिली. मग कोमट तुपाचे चार थेंब त्याच्या बोटांवर सोडले. बोटं सुटली. खलात पळीभर सोडलं, अंगठा फिरवला, थर विरघळून पिवळं पाणी झालं. हे ती रोज करत होती, तोही रोज बघत होता. दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनाही सुचलं नव्हतं. डोळ्यासमोरचं न सुचणं हा आपल्या माणसांचा जुना आजार, त्याला सालई लागू पडत नाही.

"दगडाच्या खलातून तुपाबिगर सुटत नाई," ती म्हणाली. "माह्या पोटातून पान्यानं कशी सुटन? अशीच फिरत जाते न अशीच निंघते. कडूबा खरं बोलला. तुमची गोळी वापस येते."

उकंडराव हळूच म्हणाला, "मंग तू खा तूप. घरात खा. गावाले काऊन सांगा लागते? पथ्य माहं. चुकलं म्हटलं तं लोकं तोंडात शेन घालतीन."

"चोरून मी खानार नाई," सत्यभामाबाई म्हणाली. "चोरून खानाऱ्यायचे गुडघे चांगले अन् पाळनाऱ्यायचे वाकडे, हे लई झालं. मी ओट्यावर खाईन."

दुसऱ्या सकाळी तिनं खाल्लं. ओट्यावर उभ्या उभ्या. गोळी ठेचली, गरम तुपात विरघळवली, भाकरीवर ओतली आणि चाळीस डोळ्यांसमोर घास घेतला. शालूबाई कुंपणाशी धावली. "अवो बाई! वैद्याची बायको पथ्य मोडून राह्यली हो!" तिच्या आवाजात दुःख होतं आणि हिरवं लुगडंही होतं.

उकंडरावनं घसा खाकरला. मरण बरं असं त्याचं तोंड झालं होतं. "आजपासून औषध तुपासोबत घ्यायचं. तुपाचं पथ्य... बंद."



"मंग पथ्य-परेज कशाचा?" कडूबानं विचारलं.

"कशाचाच नाई."

"कशाचाच नाई?" कडूबा उठून उभा राहिला, दुखऱ्या पायावर. "दादा, परेज नाई ते औषध कसलं? तूप खा, भाकर खा, हे तं जेवन झालं! मी जेवाले येतो काय तुमच्या ओट्यावर?"

"खरं हाये," तानाबाई म्हणाली. "हे फसवून राह्यले."

सगळ्यांत जास्त भडकला हिंमतराव. तूप आता औषध झालं म्हणजे बायको चमच्यानं मोजून देणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माणसं उठू लागली. उकंडरावचा आजा जसा नुसता सालईवाला म्हातारा होऊन मेला, तसं आपलं होणार हे उकंडरावला दिसलं आणि त्याचं डोकं फिरलं. खामगावच्या बाजारात एका दुकानात त्यानं डब्यावर एका फळाचं चित्र पाहिलं होतं. काटेरी, डोक्यावर शेंडी.

"थांबा!" तो ओरडला. "परेज हाये! अननस बंद! जनमभर बंद! अननस खाल्ला त्याचे गुडघे उलट्या दिशेनं वळतीन!"

उंद्रीत अननस कोणी पाहिला नव्हता. पण बंदी पाहिल्याबरोबर सगळ्यांनी ओळखली. माणसं पुन्हा बसली.

"आता कसं!" कडूबा समाधानानं म्हणाला. "नाई खात, दादा. भवानीची आन, अननसाच्या झाडाखालून जानार नाई."

त्यानं तूप घेतलं. गोळी वापस आली नाही. थोड्याच दिवसांत त्याचा लाकडी पाय वाकला आणि तानाबाई गावभर सांगत सुटली की आमच्या ह्यायनं अननस कडक पाळला.

सत्यभामाबाईचंही हळूहळू फिरलं. चमत्कार झाला नाही; चमत्कार गोष्टीत होतात, गुडघ्यात नाही. आधी सूज उतरली. मग ती ज्वारीच्या पोत्यावर टेकू लागली, मग दाराला धरून उंबऱ्यावर. शालूबाई रोज कुंपणातून बघायची आणि रोज लुगड्याची घडी घालायची. लग्नाच्या आदल्या दिवशी सत्यभामाबाई पाटावर बसली. डावी मांडी पूर्ण, उजवी अर्धी. पण बसली आणि भिंत धरून आपली आपण उठली. न्हाणीत जाऊन ती पोटभर रडून आली.

मांडवात खामगावची वऱ्हाडी मंडळी बसली होती. उकंडराव आणि सत्यभामाबाई पाटावर. शालूबाई हिरवं लुगडं नेसून खांबाजवळ, कलंडण्याची वाट बघत. कन्यादानाआधी विहिणीची ओटी भरायची त्यांच्याकडं रीत होती. नवरदेवाची आई रुखमाबाई ताट घेऊन आली. तिचा भाऊ कापसाच्या गाड्यांसोबत मुंबईपर्यंत जाऊन येणारा. बहिणीचा मान म्हणून त्यानं खास फळ आणलं होतं. रुखमाबाईनं नारळ, खण, तांदूळ घातले आणि वर ते फळ सत्यभामाबाईच्या मांडीवर ठेवलं. काटेरी, डोक्यावर शेंडी.

"हे काय वो?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"अननस," रुखमाबाई हसून म्हणाली.

मांडवाचा अर्धा भाग एका दमात मागं सरकला. कडूबा तर खुर्चीवर चढला. हिंमतरावनं दोन्ही गुडघे हातांनी झाकले. वऱ्हाडी मंडळींना वाटलं साप निघाला.

शालूबाई मात्र पुढं आली. "उठा बाई! परेज मोडला! आता गुडघे उलटे वळतीन! उठा, मी बसतो!" आणि तिनं सत्यभामाबाईच्या दंडाला धरलं.

सत्यभामाबाईनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. अननसाचे काटे मांडीत रुतत होते, ती हलली नाही. उकंडरावनं एकदा गावाकडं पाहिलं, एकदा बायकोच्या अर्ध्या वाकलेल्या उजव्या मांडीकडं. सगळा ओटा, सगळं 'दादा' त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"सोड तिले!" तो शालूबाईवर खेकसला. मग उभा राहून मांडवाला म्हणाला, "अननसानं काही होत नाई! म्या रागात खोटं सांगतलं! म्या ते फळ जनमात खाल्लं नाई, काय होते मले काय मालूम! तिले उठवू नका. पोरीच्या हातावर पानी तिची मायच सोडन!"

उकंडरावनं डोळे मिटले. आता शेण येतं की दगड, एवढंच राहिलं होतं.

मग कडूबा खुर्चीवरून गहिवरून म्हणाला, "पाय रे, पाय. बायकोच्या पाटासाठी मानूस आपली विद्या खोटी म्हनून राह्यला. काय वैद्य हाये!"

"देवमानूस," अंबूबाईनं डोळे पुसले.

"अरे, खरं बोलून राह्यलो बे मी!" उकंडराव ओरडला.

"हाव हाव दादा. समजलं आमाले," हिंमतराव हळूच म्हणाला.

खोटं सांगितलं तेव्हा विश्वास ठेवला आणि खरं सांगितलं तर मोठेपणा समजले. असल्या गावात वैद्यकी करावी तरी कशी? भटजींनी मंत्र सुरू केले. सत्यभामाबाईनं मांडीवरचा अननस उचलून शालूबाईच्या हातात दिला, "धर वं जरा," म्हणाली, आणि दोन्ही हातांनी कोकिळेच्या ओंजळीवर पाण्याची धार सोडली. शालूबाई हिरव्या लुगड्यात अननस धरून, हात लांब करून, तो जिवंत असल्यासारखी उभी राहिली.

पंगती उठल्यावर सत्यभामाबाईला फळाची आठवण झाली. रुखमाबाईचा मान होता, कापून सगळ्यांना द्यावा म्हणून ती शोधू लागली. अननस नव्हता. शालूबाई म्हणाली, म्या तं खांबाजवळ ठेवला होता.

सत्यभामाबाई परसात गेली. कडब्याच्या गंजीमागून आवाज येत होता. मचमच, मचमच. ती भिंत न धरता गेली. हिंमतराव, अंबूबाई, आसवाला आणि यावेळी कडूबाही, सगळे एकमेकांकडे पाठ करून बसले होते. हनुवटीवरून रस गळत होता.

"वहिनी," कडूबा तोंड भरलेलं तसंच म्हणाला, "म्या लई वर्सं पाळून पाह्यलं. मोडल्याबिगर लागू पडत नाई."

सत्यभामाबाईनं हात पुढं केला. अंबूबाईनं एक फोड दिली. ती खाण्यासाठी सत्यभामाबाई त्यांच्यासोबत खाली बसली. तोंड मात्र तिनं सगळ्यांकडं केलं.